कलम नऊमधला समुद्र

आमच्या खात्यात कायद्यांचे मसुदे तयार होतात, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या कायद्यात आपल्या राज्याचं नाव घातलं जातं. एका विद्यापीठाची शाखा आमच्या रायपुरात काढायची ठरली, तेव्हा तिचं विधेयकही असंच आलं. ते ओळ न् ओळ तपासून सही करणं माझं काम.

कलम नऊपाशी मी थबकले. शाखेच्या सल्लागार मंडळात ‘किनारपट्टीवरील मच्छीमारांचा एक प्रतिनिधी’ असावा, त्याच्याशिवाय बैठक होऊ नये, असं लिहिलं होतं. आम्हाला समुद्र बघायचा तर पुरीला जावं लागतं. मी साहेबांकडे गेले.

“सर, यात त्यांचा समुद्र तसाच राहिलाय.”

“कितना है?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“एकच वाक्य.”

“तो रहने दीजिए, मैडम. निकालेंगे तो फाइल फिर पहले टेबल से चलेगी.”

मी ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही ठोकली.

सभागृहात एक सदस्य ज्ञानगंगेवर बोलले. दुसऱ्यांनी शाखा आपल्या जिल्ह्यात हवी म्हणून आरडाओरडा केला. समुद्राला कोणाचीच हरकत नव्हती. बाकं वाजली आणि कायदा झाला.

आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, वहिनीनं पेढे वाटले. भाचीची, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीची, बी.एस्सी. नुकतीच झाली होती. आता पोरीला गाव सोडावं लागणार नाही, आत्यानंच कायदा केला, असं वहिनी गल्लीभर सांगत सुटली. मीही अडवलं नाही.

शहराच्या टोकाला भनपुरीत, ट्रकांच्या दोन गॅरेजांच्या मधल्या इमारतीवर शाखेची पाटी लागली. प्रवेशाला मंडळाची मंजुरी लागते. शाखाप्रमुखांनी गावाबाहेरचं तळं मासेमारीसाठी मक्त्यानं घेणारे एक म्हातारे गृहस्थ शोधून प्रतिनिधी म्हणून नेमले. पहिल्या बैठकीला ते कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. खात्यातर्फे मीही होते.

एका कायदेपंडित सदस्यानं विचारलं, “ये सज्जन किनारपट्टी के हैं?”

म्हातारे उठून हात जोडून म्हणाले, “नइ साहेब, हमन तरिया वाले हन.” आम्ही तळ्यावरची माणसं. त्या खोलीत खरं बोलणारे तेवढे एकच. बैठक बेकायदा ठरली. समोसे मात्र कायदेशीर ठरले, सगळ्यांनी खाल्ले.

घरी वहिनीनं मला धरलं. “ताई, कायदा तुमीच केला ना? मंग प्रवेश काहून अडून राहिला?”

“दुरुस्ती करून राहिलो,” मी म्हटलं. दुरुस्ती म्हणजे पुढचं अधिवेशन. तोवर कोण थांबणार? भाचीनं नागपूरला नाव घातलं. स्टेशनवर वहिनी डोळे पुसत अख्ख्या सरकारला शिव्या देत होती, आणि मी मान डोलावत होते.

दुरुस्ती झाली, शाखा सुरू झाली. मला राहवलं नाही. एका दुपारी भाचीला फोन करून सगळं सांगितलं. समुद्राचं ऐकून ती खूप हसली. मग थांबली.

“आत्या, आपने पढ़ा था वो?”

“हो. वाचलं होतं.”

ती म्हणाली, क्लास आहे, आणि फोन ठेवला.