कमठ्याला कोणती दोरी

नववीला ऊर्जेचा धडा शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एक धनुष्य काढते. एक वाकडी रेघ, तिची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ, मधे बाण. अर्ध्या मिनिटाचं काम. तीन वर्षांपूर्वी असंच काढता काढता माझा खडू थांबला. या वस्तूला आपण कधी हातही लावलेला नाही, हे तेव्हा एकदम लक्षात आलं. ती मधे जाड असते की सगळीकडे सारखी, वाकून पुन्हा सरळ होते ती कशामुळे, मोडत का नाही, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आणि तरी मी तिच्यावर दोन मार्कांचा प्रश्न काढत होते.

माझं घर आमगावला. शाळा मात्र इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या भागात, त्यामुळे आठवडाभर इथंच खोली करून राहते. मधल्या सुट्टीत शाळेच्या शिपायाला विचारलं, इकडे कोणी धनुष्य बनवतं का.

"धनुष्य नाही मॅडम, कमठा म्हना," तो म्हणाला. "माह्या मावशीच्या गावचा बुढा बनवते. येत असान त शनिवारी नेतो."

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर निघालो. कालव्याच्या कडेनं गेलं की पंधरा-वीस घरांचा एक टोला लागतो. पहिल्याच घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, एक म्हातारा बसला होता. पायाच्या अंगठ्यात लाकडाची लांब काठी धरून काचेच्या तुकड्यानं ती खरवडत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर त्याची बायको लाखोळीची भाजी निवडत होती. शिपायानं माझी ओळख करून दिली. मी म्हटलं, "बाबाजी, मला कमठा कसा बनवतात ते शिकायचंय."

त्यानं मान वर केली नाही. "शिकवत नाही मी. करून राहिलो, ते पाहा."

मग मी पाहायला बसले, आणि पुढचे कित्येक शनिवार तिथंच गेले.

लाकूड धामणीचं होतं. त्यांच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर धामणीची चार झाडं आहेत, त्यातलीच मनगटापेक्षा थोडी जाड फांदी तोडून, उभी चिरून, चुलीवरच्या माळ्यावर वर्षभर धुरात ठेवलेली. फाडताना करवत लावायची नाही, कुऱ्हाडीनं टवका पाडून लाकूड स्वतःच जिथून फाटेल तिथून फाटू द्यायचं. सालीकडची बाजू बाहेर राहते, तिला हत्यार लावायचं नाही. खरवडायचं ते फक्त पोटाकडून, आतल्या बाजूनं. मी वहीत लिहून घेत होते. दुसऱ्या खेपेला प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेले आणि दर चार बोटांवर जाडी मोजली. दोन्ही बाजूंची मापं जुळेनात. एक बाजू दुसरीपेक्षा जवळपास दोन मिलिमीटरनं जाड होती. मी ते म्हाताऱ्याला सांगितलं.

"कायले मोजून राहिली?" तो म्हणाला. "तिथं गाठ आहे. गाठीपाशी लाकूड जास्त ठेवा लागते."

मग त्यानं कमठा अर्धवट वाकवून आडवा धरला आणि बायकोकडे तोंड केलं. तिनं भाजीवरून नजर उचलली, क्षणभर पाहिलं आणि डाव्या हाताकडे बोट केलं. म्हातारा डावी बाजू पुन्हा खरवडायला लागला. असं तीन-चार वेळा झालं. आपण स्वतः धरलेल्या कमठ्याचा बाक धरणाऱ्याला दिसत नाही, तो समोरच्याला दिसतो. त्या घरात समोर बसून पाहणारी गेली पन्नास वर्षं तीच होती. माझ्या वहीत तोवर तिच्याबद्दल एक ओळ नव्हती.

त्या दिवशी कमठा पुरा झाला. म्हाताऱ्यानं खिशातून निळ्या नायलॉनच्या दोरीचं वेटोळं काढलं, मासेमार जाळ्याला वापरतात तसली. ते दिसल्याबरोबर बायको भाजीचं सूप उचलून आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. म्हातारा तिच्याकडे पाहून गोंडीत काहीतरी बोलला, आतून तसंच लांबलचक उत्तर आलं. मला गोंडी येत नाही. त्या सगळ्यात मला कळलेला शब्द एकच, नायलॉन.

परत येताना कालव्यावर गाडी थांबवून शिपायानं मला सगळं उलगडून सांगितलं. कमठ्याला पूर्वी बांबूच्या सालीची दोरी असायची आणि ती म्हातारी करायची. दोरी कसली, करंगळीपेक्षा अरुंद एक लांब पट्टीच. भिजवलेल्या बांबूचा वरचा कडक पापुद्रा सलग सोलून, दोन्ही कडांनी तासून ती बनते. आजूबाजूच्या गावांत कमठे करणारे आणखी होते, पण दोरीसाठी लोक हिच्याकडे येत. चार वर्षांपूर्वी म्हाताऱ्यानं अचानक नायलॉन आणलं आणि म्हणाला, हीच चांगली. तेव्हापासून म्हातारीनं बांबू हातात धरला नव्हता.

"मग खरं चांगली कोणती?" मी विचारलं.

"ते कोन सांगन मॅडम. दोघंही आपापलीच सांगते."

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. मी शिकवते त्या हिशेबानं नायलॉन जिंकायला हवं होतं. दोरी जितकी हलकी तितकी ती हलवण्यात कमी ताकद जाते, उरलेली सगळी बाणाला मिळते. नायलॉन हलकं, बांबूची पट्टी जड. पण हे वहीतलं झालं. पुढच्या शनिवारी मी म्हातारीलाच विचारलं, "माय, एक दोरी करून द्याल का? दोन्ही दोऱ्या एकाच कमठ्याला लावून पाहू. कोणती दूर फेकते ते मोजू."

तिनं म्हाताऱ्याकडे बोट केलं. "बुढ्याले इचार."

म्हातारा म्हणाला, "काही गरज नाही त्याची."

"मंग करतो मी," म्हातारी म्हणाली.

धान कापून झालं होतं, बांध्या कोरड्या पडल्या होत्या. त्या शनिवारी आम्ही चौघं घरामागच्या बांधीत उतरलो. म्हातारीनं नवी दोरी पदराखाली धरून आणली होती. पिवळसर, चकचकीत, दोन्ही टोकांना अंबाडीच्या धाग्यानं बांधलेले फास. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. म्हाताऱ्याची नजर त्या चिंध्यांवर गेली, तसा तो रागानं पुढं चालू लागला.

दर वेळी सारखंच ताणलं जावं म्हणून मी बाणावर पेनानं खूण केली. खूण लाकडाला टेकली की सोडायचं. नेम एकाच पळसाच्या झाडाकडे. शिपाई तरुण होता, म्हणून ओढायचं काम त्याला दिलं. आधी नायलॉननं पाच बाण. मी पावलं मोजत जायची, काडी रोवायची, बाण घेऊन परत यायची. मग दोरी बदलून पुन्हा पाच.

बांबूच्या दोरीचा पहिला बाण सुटला तेव्हा आवाजच वेगळा आला, कोरडा आणि आखूड. मी चालायला लागले. नायलॉनच्या सगळ्यात दूरच्या काडीपाशी पोचले, तरी बाण दिसेना. आणखी नऊ पावलं गेल्यावर सापडला. वाटलं, या वेळी शिपायानं जास्त ओढलं असेल. पण दुसरा त्याच्याजवळ, तिसरा दोन पावलं अलीकडे. पाचही बाण नायलॉनच्या पुढंच.

माझा अंदाज साफ चुकला होता. तिथंच धसकटांत उभी राहून मी नायलॉन दोन हातांत धरून ताणलं, तेव्हा कारण समजलं. ते लांब होत होतं. बाण सुटायच्या क्षणी कमठा जो झटका देतो, त्यातला काही भाग नायलॉन स्वतः ताणला जाण्यात खाऊन टाकत होतं. बांबूची पट्टी केसभरही लांबत नव्हती. मी धावतच परत आले आणि दोघांना हे सांगू लागले.

म्हाताऱ्यानं मला मधेच थांबवलं. "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?" म्हातारीनं विचारलं.

"बांबूची दूर जाते ते."

"माहीत होतं, त चार वर्षं काऊन बोंबलून राहिला, नायलॉन चांगली, नायलॉन चांगली?"

तो खाली बसला. बांधीतलं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडू लागला. "तुह्या हातातून रगत निघत होतं," तो म्हणाला. "सांधे सुजत होते. सकाळी तुले चुलीतलं लाकूड धरता येत नव्हतं. नको करू म्हनलो असतो, त आयकली असती काय तू?"

मी आणि शिपाई उगाच पळसाकडे पाहत उभे राहिलो. मग म्हातारी गोंडीत सुरू झाली आणि खूप वेळ बोलली. आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी ती माझ्याकडे वळली आणि मला समजेल असं म्हणाली, "मले वाटे, माही दोरी खराब झाली. हात सुस्त पडले, चांगली होत नाही आता, म्हनून यानं बदलली. चार वर्षं मी हेच समजून राहिली. एक शब्द सांगितला असता त काय जात होतं?"

मला त्या वेळी दोघांचंही बरोबर वाटलं. म्हाताऱ्यानं तिचे हात वाचवले होते, पण त्यासाठी तिचं कसब खोटं ठरवलं होतं. ते तिला हाताच्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं असणार.

पुढच्या शनिवारी जाऊ की नको, असं झालं होतं. आपण मधे पडून घरात काही वाढवून ठेवलं की काय, ही भीती. पण गेले, तर सपरीत बांबूचे चार लांब तुकडे भिजत पडले होते आणि म्हातारी माझी वाट पाहत होती.

"बस इथं," ती म्हणाली. "हात तुहे, डोकं माहं."

म्हाताऱ्यानं मला तिथंच धामणीची एक चिरलेली फांदी दिली, माझा स्वतःचा कमठा करायला. म्हणजे एका दुपारी दोन कामं. कमठा मी घाईनं खरवडला आणि वाकवून पाहताना तो मधेच तडकला. म्हाताऱ्यानं फुटलेली जागा मला दाखवली. लाकडाच्या तंतूंची एक उभी रेघ मी आडवी कापून टाकली होती. "पोटातली असली तरी रेघ तोडू नये," एवढंच तो बोलला आणि त्यानं दुसरी फांदी काढून दिली. दोरीचं त्याहून वाईट. बांबूचा पापुद्रा सलग सोलायला सुरी ओढायची नसते, सुरी स्थिर धरून बांबू मागं ओढायचा असतो. हे कळायला माझे तीन शनिवार गेले. माझ्या पहिल्या तीन पट्ट्या तुटल्या. बोटांत इतक्या कुसा शिरल्या, की वर्गात खडू धरवेना. म्हातारी माझा हात उजेडात धरून एकेक कूस काट्यानं काढायची आणि म्हणायची, "आता समजलं काय, बुढा काऊन घाबरला ते?" हे ती म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

चौथी पट्टी टिकली. ती म्हातारीच्या पट्टीसारखी चकचकीत नव्हती, एका जागी जरा जास्त रुंद होती, पण म्हातारीनं दोन्ही हातांनी झटका देऊन पाहिला आणि परत माझ्या हातात दिली. त्या दोघांत आता असं ठरलं आहे, की शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून कोणी घरात टांगायला कमठा मागितला तर नायलॉन, आणि आश्रमशाळेच्या मुलांच्या स्पर्धेला किंवा खरंच बाण मारणाऱ्याला हवा असेल तर बांबू. वर्षाला पाचच दोऱ्या, त्याही थंडी संपल्यावर, सांधे मोकळे झाले की. पाच हा आकडा म्हाताऱ्याचा. तिला सात हव्या होत्या.

दुसऱ्या फांदीचा माझा कमठा पुरा झाल्यावर तो आमगावला घरी नेताना गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये समोरच्या बाकावर एक बाई होती, भाजीची रिकामी टोपली घेऊन. दोरी काढून कमठा मी खिडकीला टेकवून ठेवला होता. तिनं विचारलं, "ये क्या है? कावड का डंडा?" मी सांगितलं. तिनं तो हातात घेतला, मधोमध बोटावर तोलून पाहिला, मग टोकाच्या खाचेत नख घातलं. "रस्सी इसमें अटकती है? और छूट नहीं जाती?" मी पिशवीतून दोरी काढली, फास खाचेत कसा बसतो ते दाखवलं. तिला तो स्वतः बसवून पाहायचा होता. कमठा गुडघ्यामागं अडकवून वाकवावा लागतो, ते चालत्या गाडीत जमेना. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा शेजारचा एक माणूस उठून वरचं टोक धरायला आला, आणि आम्ही तिघांनी मिळून फास चढवला.