भोंगा न वाजलेली दुपार

आमचं गाव सारंगखेड्याच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर. वस्ती उंचावर आहे. नदीकडच्या उतारावर केळीची शेतं आणि त्यांच्या टोकाला धडगावकडून कामाला आलेल्या मजुरांच्या झोपड्या. बरेचसे आमच्याच शेतात राबतात, झोपड्यांची जागाही आमचीच. मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. म्हणून फोनवरून येणाऱ्या पुराच्या इशाऱ्याची चाचणी ठरली, तेव्हा तो इशारा आमच्या गावात कितपत पोचतो हे पाहायचं काम माझ्याकडे आलं.

त्या दिवशी गावातले सगळे फोन एकदम किंचाळले. झोपड्यांतल्या एका बाईने तर हातातला फोन फेकला आणि लेकराला काखोटीला मारून ती चढाने धावत सुटली. लोक हसले. मीही हसलो. मग आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मंदिरातला भोंगा लावला. भोंग्याच्या खोलीची किल्ली पूर्वीपासून त्यांच्याकडेच. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही.

"घाबरू नका, हाई फक्त चाचणी शे," आबांचा आवाज शेतांवरून घुमला. "फोन वाजना तरी कोणी जागा सोडानी नही. खरा पूर ऊना तर मी स्वतः भोंगावर सांगसू."

पळालेली बाई ओशाळून परत फिरली. आमच्या गावाची तयारी उत्तम आहे, असं मी वर कळवलं. वर्गात मुलांनाही अभिमानाने सांगितलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात एका दुपारी आम्ही बापलेक ओसरीवर बसलो असताना फोन पुन्हा तसेच किंचाळले. वरच्या धरणातून पाणी सोडलंय, काठावरच्यांनी उंच जागी जावं, असा संदेश होता. या वेळी चाचणीचा उल्लेख नव्हता. आबा ताडकन उठले.

"मोटार बुडी जाई!"

नदीच्या पात्रात आमची पाण्याची मोटार होती, नवीनच बसवलेली. आबांनी ट्रॅक्टर काढला. मी मागे चढलो आणि विचारलं, "आबा, भोंगा?"

"त्यासना बी फोन वाजना व्हई ना! तू दोर धर."

मी दोर धरला. पाणी तांबूस होऊन चढत होतं. चिखलात पाय रुतवून आम्ही मोटार ओढून काढली, ट्रॅक्टरवर चढवली आणि दुसऱ्या वाटेने घरी आणली. झोपड्यांकडची वाट तिथून फार लांब नव्हती. मोटार अंगणात उतरवली तेव्हा आबांचा चेहरा खुलला होता. खरं सांगायचं तर माझाही.

संध्याकाळी कळलं की पाणी झोपड्यांत शिरलं. माणसं केळीतून धडपडत वर आली आणि शाळेत थांबली. जीव कुणाचा गेला नाही. पण शेळ्या वाहून गेल्या, दाणागोटा गेला, आणि एका म्हाताऱ्याचा पाय मोडला.

मी घरून चादरी घेऊन शाळेत गेलो. चाचणीच्या दिवशी पळालेली ती बाई भिंतीला टेकून बसली होती. लेकरू तिच्या मांडीवर झोपलं होतं.

"फोन वाजला नव्हता का?" मी विचारलं.

"वाजला ना, भाऊ."

"मग निघाला का नाहीत?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "आबा बोलले नाही ना. म्हणून बसून राहिलो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी चादरी तिच्यापाशी ठेवल्या आणि बाहेर आलो. माझ्याबरोबर आलेले आबा शाळेच्या फाटकाशीच उभे होते. आत जायला त्यांचे पाय उचलत नव्हते. तिने काय सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. ते पागोट्याच्या शेवाने तोंड पुसत राहिले.

इशाऱ्याचा उपयोग किती झाला हे पाहायला पुढे एक साहेब गावात आले. पंचायतीच्या ओट्यावर सगळे जमले. झोपड्यांतली माणसं मागे उकिडवी बसली होती.

"फोनचा संदेश आल्यावर भोंग्यावरून सांगितलं होतं?" साहेबांनी विचारलं.

आबा पायाखालच्या फरशीकडे पाहत होते. मी तोंड उघडणार होतो, निदान आजवर मी तसंच समजत आलोय. तेवढ्यात मागून एक माणूस उठला. त्या मोडलेल्या पायाच्या म्हाताऱ्याचा हा मुलगा, आमच्याच केळीत काम करणारा.

"सांगितलं होतं साहेब," तो म्हणाला. "आबांनी सांगितलं. आम्हालाच उशीर झाला."

तो खाली बसला. त्याच्याबरोबरच्या एकानेही मान वर केली नाही. ज्याचं घर पाण्यात गेलं तो आमची अब्रू झाकत होता, कारण उद्या त्याला आमच्याच शेतात यायचं होतं.

साहेब गाडीकडे निघाले तेव्हा मी मागून गेलो आणि सगळं खरं सांगितलं. मोटारीचंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आत का नाही बोललात?"



नंतर झोपड्यांतल्या लोकांना त्यांच्या पावरी बोलीत समजावायला माणसं आली: फोन वाजला की निघायचं, कुणाची वाट पाहायची नाही. मंदिराच्या खोलीची किल्ली आबांनी स्वतःहून अंगणवाडीच्या ताईंकडे दिली. त्या दिवसाबद्दल ते घरात अजूनही बोलत नाहीत. साहेबांपुढे खोटं बोललेला तो माणूस आमच्याकडे कामाला येतो. मी एकदोनदा विषय काढायला गेलो, तर तो घाईने म्हणाला, "भाऊ, या वेळी घड चांगले लागलेत," आणि विळा घेऊन केळीत शिरला.