दादानं घडवलेला चेहरा

श्रावण सरत आला होता. परसातली जास्वंदीची फुलं तोडून घरात आले तर फोन वाजत होता. भिलाईहून विकास होता, माझा भाचा. "आत्या... पापा नहीं रहे," तो म्हणाला, आणि आपण हिंदीत बोललो हे ध्यानात येऊन पुन्हा मराठीत सांगू लागला, "झोपेतच गेले. मी चहा घेऊन गेलो, त उठलेच नाही." नव्वदीतला भाऊ गेला याचं ऐंशीतल्या बहिणीला नवल वाटू नये. नवल वाटलंही नाही. नागपूरहून भिलाईला, दादाच्या वैशाली नगरातल्या घरी पोचले तेव्हा घर भरलेलं होतं. दादाचे जुने विद्यार्थी, स्वतःच म्हातारे झालेले, ड्रॉइंग मास्तरांच्या रेघेचं कौतुक करत होते. त्याच्या हातून घडलेल्या एका चेहऱ्याबद्दल मात्र कोणी बोललं नाही. कोणाला ठाऊकच नव्हतं. ते बोलायला आता मी एकटीच उरले आहे... म्हणून हे लिहिते.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं, घरची शेती. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत दादाला इकडच्या एका शाळेत नोकरी लागली आणि सेक्टर २ मध्ये क्वार्टर मिळालं. मला कॉलेज शिकता यावं म्हणून त्यानं मला आपल्याजवळ आणलं. झाडं तेव्हा नुकतीच लावलेली होती, सावली कुठेच नव्हती. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत धुळीनं लाल होत. देशभरातून माणसं येत, कामाला लागत, आणि कधी कधी न सांगता निघूनही जात. दादा तलावाची माती आणून सेक्टरचा गणपती करायचा. तो पाहायला एकदा वेरा आली. एका रशियन इंजिनिअरची ही बायको, उंच, चष्मा लावणारी. मॉस्कोच्या एका संग्रहालयात ती जुन्या कवट्यांवरून माणसांचे चेहरे घडवण्याचं काम करायची. दादाच्या बोटांकडे बराच वेळ पाहून ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "हाथ अच्छा. आँख अच्छा नहीं. सीखो." दादा हसला आणि खरंच शिकायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात अहिवाऱ्याकडे, चुनखडीच्या एका सोडून दिलेल्या खदानीत, एक सांगाडा सापडला. अंगावर कापडाच्या चिंध्या, बाकी ओळख पटावी असं काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पुरुष आहे, तरुण आहे. त्यापलीकडे कोणाला काही सांगता येईना. डॉक्टरांच्या ओळखीनं वेरानं ठाणेदारांना गाठलं आणि कवटीवरून चेहरा करून पाहायची परवानगी मिळवली. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या ड्रॉइंगच्या वर्गात काम सुरू झालं. आधी कवटीचा प्लास्टरचा ठसा. मग त्यावर ठरलेल्या जागी काड्यापेटीच्या काड्या कापून चिकटवायच्या. कपाळावर मांस किती जाड, गालावर किती, हनुवटीवर किती, तेवढीच काडीची उंची. मग त्या उंचीपर्यंत माती. मी डबा घेऊन जायची तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला होता. दादा म्हणाला, "भिऊ नको. कोणाचा तरी भाऊच असंल हा." वेरा त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायची. चेहरा पुरा होईपर्यंत कोणाचं ऐकायचं नाही. हरवलेल्याचा फोटो पाहायचा नाही, नातेवाइकाला भेटायचं नाही. हाडाला विचारायचं, माणसांना नाही.

काम अर्ध्यावर असताना तिच्या नवऱ्याची मुदत संपली आणि दोघं मायदेशी परतली. जाताना तिनं आपल्या मापांचा कागद दादाजवळ दिला, त्याच्या खांद्यावर थाप मारली. पुढचं काम त्यानं एकट्यानं केलं.

शोध घेणारी माणसं अधूनमधून ठाण्यावर येतच. त्यांतली एक सुभद्राबाई. आमच्याच मुलखातली, मजुरांच्या वस्तीत दोन मुलं आणि सुनेबरोबर राहणारी. तिचा थोरला महादेव त्या खदानीवर कामाला होता. धाकट्याशी कशावरून तरी कडाक्याचं भांडण झालं, आणि तो गेला तो परतलाच नाही. चेहरा पुरा झाल्याचा निरोप पोलिसांनी दिला तेव्हा ती सुनेला, महादेवच्या बायकोला गिरजाला, घेऊन शाळेत आली. मी तिथे होते. दादानं ओलं फडकं काढलं. बाई जवळ गेली. हात लावला नाही, नुसतं पाहत राहिली. मग पदर तोंडाशी नेला आणि खालीच बसली. "महादेवच हाय," ती म्हणाली. ठाणेदारांनी विचारलं, "पक्कं का, बाई?" ती उसळली, "माह्या पोराचं तोंड मीच नाही ओळखणार त कोण ओळखन?" गिरजा फक्त त्या मातीच्या खालच्या ओठाकडे पाहत होती.

शिवनाथ नदीच्या काठावर अंत्यसंस्कार झाले. दादाही गेला होता. परत आला तेव्हा थकलेला होता, पण समाधानीही. "बिचारी दोन वर्ष दाराकडे पाहत होती," तो म्हणाला. "आता सुटली." पुढे घरच्यांनी, जातीतल्या चार माणसांनी बसून गिरजाला धाकट्या दिराच्या नावाच्या बांगड्या भरल्या, म्हणजे त्याच्याशी तिचा पाट लावला. तिला मुलगी झाली. बारशाचे लाडू आमच्याकडे आले होते.

आणि मग एके दिवशी महादेव आला. आसामकडे रेल्वेच्या कामावर होता, हातात पत्र्याची पेटी, आईसाठी लुगडं आणलेलं. वस्तीतल्या कोणीतरी धावत येऊन दादाला सांगितलं. दादा चप्पल न घालताच निघाला. मी मागोमाग गेले. अंगणात तो तरुण पेटीवर बसला होता, आत मूल रडत होतं आणि गिरजा बाहेर येत नव्हती. दादानं त्याचं तोंड पाहिलं... मी दोघांकडेही पाहिलं. खालचा ओठ त्या मातीच्या तोंडासारखाच होता, जाड, किंचित मुडपलेला. बाकी काहीच तसं नव्हतं. महादेव थोडे दिवस राहिला. कोणाला दोष दिला नाही, गिरजाला तर नाहीच. एका सकाळी पेटी उचलून गेला, आणि ह्या वेळी आईला सांगून गेला की येणार नाही.

त्यानंतर सुभद्राबाई एकदाच आमच्या क्वार्टरवर आली. दादानं खुर्ची दिली, ती उंबऱ्याजवळच बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुमी काही वाईट नाही केलं. पण ते तोंड तुमी बनवलं नसतं, त मी वाट पाहत बसली असती. अन् तो आला तवा त्याचं घर त्याले भेटलं असतं." सेक्टरचा गणपती त्या वर्षापासून दुर्गहून यायला लागला. शाळेत तो मुलांना पानं, घडे, अवजारं शिकवायचा. माणसाचं तोंड त्यानं पुन्हा काढलं नाही.

का, हे त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. वहिनी गेल्यानंतर मी त्याच्याकडे राहायला आले होते, दुपारी आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. "तुले सांगतो," तो एकदम म्हणाला, "कवटी ओठ सांगत नाही. नाक बरंचसं सांगते, ओठ नाही." चेहरा पुरा व्हायच्या आधी सुभद्राबाई एकदा चौकशीला शाळेत आली होती. वर्गाबाहेर पायरीवर बसून शिपायाला आपल्या पोराचं वर्णन सांगत होती... लहानपणी पडला, खालचा ओठ सुजला तो तसाच राहिला. दादा आत होता. दार उघडं होतं. "मी उठून दार लावाले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "नाही लावलं. वाटलं, ऐकल्यानं काय होते. पण बोटं ऐकून राहिली होती." मग शेंगांची टोपली बाजूला सारून म्हणाला, "अन् तो खदानीतला. त्याले मी दुसऱ्याच्या नावानं जाळून टाकलं. त्याची आई कुठं पाहत असंल दाराकडे?" मी त्याला सांगितलं, तू फसवलं नाहीस, तुझ्या हातून चूक झाली. त्यानं मान डोलावली, पण ती मला बरं वाटावं म्हणून.

तेराव्यानंतर मी काही दिवस वैशाली नगरलाच थांबले. पितृपक्ष लागला. यंदा घरात पितरांचं काही करायचं नव्हतं, वर्षश्राद्ध व्हायचं होतं. पण सर्वपित्री अमावास्येला सकाळी पाहते तर विकासची बायको स्वयंपाकघरात वडे तळत होती. मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "बुआजी, पापाजी की वो एक पत्तल तो रखनी पड़ेगी ना? हर साल रखते थे." कोणासाठी, ते तिला माहीत नव्हतं. दादानं कधी सांगितलं नव्हतं. परसातल्या भिंतीवर पान ठेवायचा, आणि कावळा शिवेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसायचा. जेवायला कितीही उशीर होवो. तिनं पान वाढलं, भात, वरण, कढी, दोन वडे, आणि भिंतीवर नेऊन ठेवलं. खुर्ची तिथेच होती. मी तिच्यावर बसले. कावळा लवकर आला नाही... ऊन भिंतीवरून खाली उतरलं, आतून विकासनं जेवायला दोनदा हाक मारली. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी थांबते.