बेचाळीस रोपांचं वाण

चारुता टिपणीस ते वाक्य चिडून बोलून गेल्या होत्या, हे त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं. बिल्डिंगमधल्या बायकांना नव्हतं. त्यांनी ते शब्दशः घेतलं.

रोडपालीतल्या त्यांच्या सात मजली इमारतीत दर वर्षी संक्रांतीनंतर महिला मंडळाचं हळदीकुंकू व्हायचं, आणि दर वर्षी वाण म्हणून प्लास्टिकचा डबा मिळायचा. चारुताबाईंच्या ओट्याखाली असे नऊ डबे होते आणि एकाचंही झाकण दुसऱ्याला बसत नव्हतं. नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये मंडळाचं काम बघणाऱ्या मितालीने दहाव्या डब्याचा नमुना सगळ्यांसमोर फिरवला, तेव्हा बाईंचा संयम सुटला.

"यंदा वाण मी देते," त्या म्हणाल्या. "झेंडू, टोमॅटो, मिरची. घरी बियांपासून केलेली रोपं. हे डबे पुरे झाले आता."

"काकू, आपण बेचाळीस जणी आहोत," मिताली म्हणाली.

"मग बेचाळीस देईन."

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर बातमी पडली होती आणि तिला सव्वीस अंगठे मिळाले होते. रथसप्तमीच्या आधीचा रविवार ठरला. अवधूतराव मोबाइलवरून मान वर न काढता म्हणाले, "तू आजवर कधी काही लावलंयस?"

लावलं नव्हतं. पण चारुताबाईंनी पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली होती. रक्त, लघवी, थुंकी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. कल्चर वाढवायला ठेवलं की ते ठरलेल्या वेळात वाढायचं, नाही वाढलं तर त्याचंही कारण असायचं. कामात त्यांचा एक नमुना कधी दुसऱ्याच्या नावावर गेला नव्हता. जूनमध्ये निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना शिस्त लावण्याजोगं फक्त अवधूतराव उरले होते, आणि तो प्रयत्न त्यांनी आधीच सोडला होता. बी पेरणं म्हणजे माती, पाणी, ऊब आणि तारीख. यात न जमण्यासारखं काय आहे, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

पुण्याहून लेकीने, अनुयाने, बियांची पाकिटं मागवून दिली. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनवर ट्रे मांडले गेले. प्रत्येक कप्प्याला चिकटपट्टी, तिच्यावर नाव, तारीख आणि बियांची संख्या, त्याच टपोऱ्या अक्षरात जे कधी काळी डॉक्टर लोक वाखाणत.

आठ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी त्यांनी चिमट्याने एक बी उकरून पाहिलं. ते मऊ पडलं होतं, दाबल्यावर पिचकलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. वरच्या मातीला शेवाळाचा हिरवा रंग चढला होता.

"इतकं पाणी कुठून आलं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "मी तर सकाळी मोजून चमचाभर घालते."

अवधूतराव दारात उभे होते. "संध्याकाळचं मी घालतो ना."

"तुम्ही?"

"तू विसरतेस असं वाटलं. कोरडी दिसायची माती. म्हटलं, बेचाळीस बायकांचा प्रश्न आहे."

मदतीच्या भावनेने केलेल्या गोष्टीवर ओरडता येत नाही, आणि त्यामुळे ती जास्तच लागते. चारुताबाईंनी ट्रे रिकामे केले, माती गोणीत भरली, आणि नळावर एक चिठ्ठी डकवली: 'रोपांना पाणी फक्त चारुता घालेल.' अवधूतरावांनी ती वाचली आणि दोन दिवस स्वतःच्या चहाचं पाणीही बायकोला विचारून ठेवलं.

दुसऱ्या पेरणीला त्यांनी शास्त्र लावलं. शेवाळ आलं म्हणजे माती दूषित, म्हणून ती वाफवायची. स्टीलच्या डब्यात माती भरून कुकरला तीन शिट्ट्या. सगळ्या घरात गटार उपसल्यासारखा वास सुटला. अवधूतरावांनी त्या दिवशी जेवण खालून मागवलं. त्या कुकरमधला भात पुढचा आठवडाभर ते हुंगून खात होते.

पण बी उगवलं. पाचव्या दिवशी झेंडूचे हिरवे आकडे मातीतून वर आले, आठव्या दिवशी टोमॅटो. चारुताबाई चष्मा लावून ट्रेवर वाकून बसल्या. मायक्रोस्कोपखाली आयुष्य गेलेल्या बाईला एवढ्याशा कोंबाचं काय कौतुक, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांनी अनुयाला फोटो पाठवले, एकामागून एक अकरा.

मग रोपं उंच होऊ लागली. नुसतीच उंच. दोऱ्यासारखी पांढुरकी खोडं, टोकाला दोन केविलवाणी पानं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. बाल्कनीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि उजेड यायचा तो दोन इमारतींमधल्या फटीतून. त्या फटीकडे माना वेळावून रोपं उभी राहिली, आणि एका सकाळी बुडाशी बारीक होऊन ओळीने आडवी झाली.

हे काय आहे, ते चारुताबाईंना लगेच कळलं. बुरशी. खोड मातीला टेकतं तिथे धरते. तिच्या जातभाईंना त्यांनी आयुष्यभर काचेवर ओळखलं होतं. आजार ओळखता येतो आणि इलाज मात्र येत नाही, याचा त्यांना इतका संताप आला की त्या ट्रेसमोर स्टूल घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

नेमकी तेव्हाच शांती आली. शांती उरणकडची, करंज्याची. मंगळवारी आणि शुक्रवारी टोपली घेऊन कळंबोली-रोडपालीत फिरायची आणि टिपणिसांकडे बोंबील नाहीतर मांदेली द्यायची. दार उघडंच होतं. बाल्कनीपर्यंत येऊन तिने ट्रेमध्ये डोकावलं.

"काय झालं याना?"

"बुरशी."

"उनात नाय ठेवली?"

"ऊन आहे कुठे इथे?"

"मंग मरनारच," शांती म्हणाली आणि टोपली खाली ठेवून मांडी घालून बसली. "आनि यवरी दाट का पेरलीव? माती पन ही गाळ हाय. आमी वाळू घालतू, राख घालतू. पानी सकाळचाच, तवा पन हातानं शिंपरायचा. माज्या दारात वांगी, मिरच्या, झेंडू समदा हाय. माशाच्या खोक्यात."

"कसल्या खोक्यात?"

"थर्माकोलच्या. बर्फाची खोकी. बूर फोरायचा नि माती भरायची." तिने बोटाने हवेतच खोक्याच्या बुडाला भोकं पाडून दाखवली.

चारुताबाईंनी तीन पुस्तकं आणि चाळीसेक व्हिडिओ पाहिले होते. वाळू, राख, ऊन आणि सकाळचं पाणी हे सगळं त्यांत होतंच, पण ते शांतीने चार वाक्यांत सांगावं आणि वर "मंग मरनारच" म्हणावं, याने त्या घायाळ झाल्या. त्यांनी त्या दिवशी मांदेली घेतली नाही. शुक्रवारी शांती सहा खोकी घेऊन आली, एकात एक बसवलेली, आणि त्यांच्या बरोबर जाळ्याचा एक जुना तुकडा. "कबुतरा येतील गच्चीवर," एवढंच ती म्हणाली. चारुताबाईंनी खोकी तीनदा धुतली. वास गेला नाही.

गच्चीची किल्ली मिळवायला मितालीला सेक्रेटरींना दोन अर्ज द्यावे लागले, कारण पहिल्यावर तारीख नव्हती. शेवटी परवानगी मिळाली. डिसेंबर संपत आला होता. मिरचीला आता वेळ पुरणार नव्हता, म्हणून फक्त झेंडू आणि टोमॅटो. बी विरळ पेरलं. रोज सकाळी सातला बाई तांब्या घेऊन वर जायच्या, हाताने पाणी शिंपडायच्या, जाळं नीट ताणायच्या. कळंबोलीच्या ट्रकांची धूळ पानांवर बसायची, ती ओल्या रुमालाने टिपायच्या. कबुतरं टाकीच्या कडेवर बसून घुमायची आणि जाळ्याकडे बघायची. त्यांच्याकडे बघून बाईंना महिन्याभरात पहिल्यांदाच बरं वाटू लागलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत साठ रोपं तयार झाली. ठेंगणी, जाड खोडाची, गडद हिरवी. चारुताबाईंनी चहाचे कागदी पेले मागवून ठेवले. आणखी सहा दिवस खोक्यातच राहू दे, मुळं धरू देत, असं त्यांनी ठरवलं.

मंगळवारी सकाळी त्या वर गेल्या तेव्हा गच्ची ओलीचिंब होती आणि क्लोरीनचा वास येत होता. खोकी कठड्यापाशी नव्हती. कुणीतरी ती पायांत येऊ नयेत म्हणून नीट उचलून, एका ओळीत, टाकीच्या तळाच्या पाइपाखाली ठेवली होती. टाकी धुतलेलं पाणी त्यांच्यावरूनच गेलं होतं. चार खोक्यांतली माती वाहून गेली होती. राहिलेल्या रोपांची पानं उकडल्यासारखी लोळत होती.

त्या जिना उतरून थेट मितालीकडे गेल्या.

"टाकी धुवायची होती तर मला सांगायला काय झालं होतं?"

मितालीचा चेहरा पडला. "काकू, ग्रुपवर टाकलं होतं. दोनदा. काल दुपारी आणि संध्याकाळी. 'गच्चीवरचं सामान हलवा' असं पण लिहिलं होतं."

चारुताबाईंनी ग्रुप डिसेंबरातच म्यूट केला होता. सुप्रभात आणि फुलांचे फोटो बघून त्यांचं डोकं उठायचं. घरी येऊन त्यांनी गच्चीवर काय झालं ते सांगितलं. अवधूतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, नळावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे मी नाही केलं."

"माहीत आहे."

"नर्सरीतून आणू या का? कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या. "आणि बियांपासून केलेली देईन असं बोलले होते मी."

त्यांनी उरलेली रोपं साध्या पाण्याने धुतली, नव्या मातीत बसवली आणि सावलीत ठेवली. शुक्रवारी शांती आली तेव्हा त्यातली एकोणीस उभी होती. शांतीने एकेकाला बोट लावून पाहिलं.

"एकोनीस जगली ना? चांगली जगली."

"बेचाळीस हवी होती, शांती."

"मंग बाकीच्याना बी द्या नि. लावतील त्यांच्या हातानं. समदा तुमीच कशाला करून द्यायचा?"

चारुताबाईंना हे अजिबात पटलं नाही. बी देणं म्हणजे अर्धवट काम देणं. पण रविवार परवावर आला होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं. त्या रात्री जेवायच्या आधी त्यांनी ग्रुप उघडला, एकशे चौऱ्याऐंशी निरोप न वाचता खाली सरकवले आणि लिहिलं: 'साठ रोपं केली होती. टाकी धुतली तेव्हा गेली. सूचना मी वाचली नव्हती, चूक माझी. एकोणीस रोपं आहेत. तेवीस जणींना झेंडूचं बी देईन, कसं पेरायचं ते लिहून.' या खेपेला अंगठे आले ते फक्त तीन.

हळदीकुंकवाला चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांना रोप आलं त्यांनी फोटो काढले. ज्यांना कागदाची पुडी आली त्या पुडी उलटसुलट करून बघत होत्या. पहिल्या मजल्यावरच्या ऋचाने "मला रोपच हवं होतं" असं तीनदा सांगितलं. दुसरी एक जण पुडी हुंगून म्हणाली, "याला मासळीचा वास का येतोय?" चारुताबाईंनी शांतीच्या खोक्यातून पुढची पुडी काढली. पुडीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात अकरा सूचना होत्या आणि त्यातल्या चार पाण्याबद्दल होत्या.

शांतीसाठी त्यांनी स्वतःच्या वाटणीचं रोप बाजूला ठेवलं होतं. पुढच्या मंगळवारी हळदीकुंकू लावून तिच्या हातात दिलं, तर ती हसली. "मना कशाला? माज्या दारात फुलं मावत नाय." तरी तिने ते नेलं, बोंबलांच्या टोपलीत कोपऱ्याला खोचून.

आपलं काम संपलं, असं चारुताबाईंना वाटलं होतं. ते आता सुरू झालं. बुधवारी ऋचाची बेल वाजली: बी उगवलं नाही. त्यांनी विचारलं, कधी पेरलं. काल रात्री. गुरुवारी सहाव्या मजल्यावरून फोन आला, की रोप माना टाकतंय. जाऊन पाहिलं तर ते टीव्हीच्या शेजारी एसीखाली होतं. एकीने पुडीतलं सगळं बी एकाच पेल्यात ओतलं होतं. एकीच्या नवऱ्याने सूचना वाचून हुज्जत घातली, की पाणी सकाळीच का. दोन आठवडे त्या मजले चढत-उतरत होत्या आणि घरी येऊन अवधूतरावांना सांगत होत्या, की लोकांना साधं वाचता येत नाही. अवधूतराव मान डोलवत. बोलायचा धोका त्यांनी पत्करला नाही.

ग्रुपमधल्याच कुणीतरी दुसरा ग्रुप काढला, 'बीजारोपण', आणि त्यांना न विचारता अ‍ॅडमिन केलं. हा ग्रुप मात्र म्यूट करायची त्यांना हिंमत झाली नाही. तेवीस पुड्यांपैकी चौदा उगवल्या. हा आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण पाठ होता.

मार्चच्या सुरुवातीला मितालीने स्वतःची सहा रोपं गच्चीवर आणली. ती वीतभर झाली होती आणि टोकाला कळीचा हिरवा मणी दिसत होता.

"शेंडा खुड," चारुताबाई म्हणाल्या.

"कळी आहे काकू त्यात."

"म्हणूनच. खुडलास की बाजूने फांद्या फुटतील. नाहीतर एकच फूल येईल आणि झालं."

"एकच आलं तरी चालेल मला. पहिलंच आहे."

"मिताली, खुड."

मितालीने डोळे अर्धवट मिटून शेंडा चिमटीत धरला आणि सोडून दिला. पुन्हा धरला. बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. शेवटी त्यांनी पुढे होऊन पाच रोपांचे शेंडे पटापट खुडले, सहाव्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"हे ठेव असंच," त्या वैतागून म्हणाल्या. "एवढं एकच."