सुट्टी मंजूर होती

तुमच्या ऑफिसातला एखादा माणूस सुट्टीवर असताना त्याला शेवटचा फोन कुणी केला होता? आठवा. आणि मान फिरवू नका, तुम्हालाच विचारतोय. "फार नाही, एवढंच सांग," असं म्हणून केला होतात ना? तो माणूस त्या वेळी काय करत होता, हे विचारलं होतंत का?

ठमी काय करत होती ते सांगतो.

ठमी हे काही तिचं कागदावरचं नाव नाही. बाप तिला ठमे म्हणतो. लहानपणी फार तोंड चालायचं म्हणून पडलेलं नाव, आणि आता चाळिशी जवळ आली, केसात पांढरं दिसायला लागलं, तरी बाप ते सोडत नाही. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणतात. तिथून दुकानांच्या बिलांचं सॉफ्टवेअर चालतं, ते बंद पडलं की पहिला फोन हिला. न्हाताना फोन, जेवताना फोन, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना फोन. तिथं तिनं तोंड उघडं ठेवूनच "आँ, आँ" करत सर्व्हर चालू करून दिला होता. ऑफिसात त्यावर सगळे खूप हसले. हिची कमाल आहे म्हणाले. कमाल कसली डोंबलाची! खुर्चीला बांधून घातलेल्या बाईचं कौतुक करायला काय जातं?

तिच्या साहेबांचं नाव पोरांनी पाचमिनिटे ठेवलं होतं. आडनावच वाटावं असं. कारण त्यांचं प्रत्येक काम "फक्त पाच मिनिटं" असायचं, आणि त्या पाच मिनिटांत माणसाची आख्खी दुपार जायची. हसून बोलायचे, "घरचे बरे आहेत ना?" विचारायचे, आणि उत्तर येण्याआधी काम सांगून मोकळे व्हायचे.

आणि घरात बाबा. जन्मभर बस चालवली. मग काचबिंदूनं आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं, आणि शेवटी सगळाच दिवा विझला. पण माणसाचा रुबाब तसाच. पलंगावरून उठायचे, डावा हात कपाटावर टेकवायचे, कपाटाची कड संपली की न्हाणीघराचं दार. उजव्या हाताला टेबल, त्यावर रेडिओ आणि पाण्याचा जग. एवढ्या जगात ते राजे होते. कुणी हात धरायला गेलं की खेकसायचे, "सोड. एवढी मोठी गाडी गल्लीबोळातून काढली, कधी कुठं घासली नाही. न्हाणीघरात जायला मला क्लीनर लागतो होय?"

मग घरमालकानं घर मागितलं. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याचंही काही चुकलं नाही. ठमीनं बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ रेडिओचं बटण फिरवत बसले. मग म्हणाले, "येतो. पण एक अट. नव्या घरात मला हात धरून कुणी संडासाला नेणार नाही. तसं करायची पाळी आली तर मला सरळ एखाद्या आश्रमात टाक. तिथं निदान परकी माणसं असतील, लाज कमी वाटेल."

ठमी आतून हादरली. पण तोंडानं म्हणाली, "टाकते की. तिथले लोक तुम्हाला दोन दिवसांत परत आणून सोडतील."

त्यानंतर तिनं घरं पाहायला सुरुवात केली. दलाल वैतागला. इतर लोक हवा बघतात, उजेड बघतात, पाण्याचं विचारतात. ही बाई आत शिरली की मागच्या खोलीत जायची, डोळे मिटायची, डावा हात पुढं करून चालायची आणि म्हणायची, "नाही, दार उजवीकडे आहे." दलालाला वाटलं काहीतरी बाधा झालेली बाई आहे. असं करता करता एक घर मिळालं. तिसरा मजला, लिफ्ट, आणि मागची खोली अगदी तशीच. न्हाणीघराचं दार तिथंच, डाव्या हाताला. आता फक्त सामान जसंच्या तसं लावायचं. ते काम ती दुसऱ्या कुणावर सोडणार नव्हती. सामान हलवायच्या दिवशी बाबांच्या खोलीतलं सामान पोचायच्या आधी आपण स्वतः तिथं जायचं, प्रत्येक वस्तू आपल्या हातानं जागेवर ठेवायची, आणि मगच बाबांना आणायचं. ठरलं. त्या दिवसाची सुट्टी मागितली. पाचमिनिट्यांनी मंजूर केली. "अरे वा, नवं घर! घ्या ना मॅडम, हक्काची आहे," असं म्हणून.

आणि त्या दिवशी सकाळी, दाराशी ट्रक उभा, हमालांचा मुकादम जिन्यातून "कपाट आडवं घ्या रे, भिंत खरवडू नका" असं ओरडतोय, आणि फोन.

"मॅडम, आजच नवीन व्हर्जन चालू करतोय. मोठ्या क्लायंटची इच्छा आहे. तुम्ही फक्त मीटिंगला बसून राहा."

"साहेब, आज माझं सामान चाललंय. सुट्टी आहे माझी."

"माहीत आहे हो. काम नाहीच तुम्हाला काही. नुसतं लाईनवर असायचं. पाच मिनिटं."

"माझ्या जागी टीममधलं दुसरं कुणी…"

"तुम्ही असलात की मला धीर असतो. आणि कॅमेरा तेवढा चालू ठेवा बरं का. आख्खी टीम बसलीय हे क्लायंटला दिसलं पाहिजे."

बघा हं. काम नाही, पण बसा. बोलायचं नाही, पण दिसा. दुकानाच्या काचेत कपडे घालून पुतळा उभा करतात, तसं. आणि ठमी, जिचं तोंड आवरत नाही म्हणून ठमी नाव पडलं, ती "बरं" म्हणाली. घरभाडं नवं होतं, नोकरी एकच होती. तिनं का ऐकलं हे ज्यांच्या घरात एकाच्या पगारावर चूल पेटते त्यांना सांगायला नको.

टेबलं, खुर्च्या खाली गेल्या होत्या. घरातली एकच खोली अजून शाबूत होती, बाबांची. तिथं एका खोक्यावर लॅपटॉप ठेवून ठमी पलंगाकडे पाठ करून बसली. इंटरनेटचा डबा कधीच गुंडाळलेला, म्हणून फोनवरून नेट घेतलेलं, आणि फोन खिडकीत, कारण रेंज तिथंच. बाबा मागं पलंगावर बसले होते.

"ठमे, मी पण दिसतोय का तुझ्या साहेबाला?"

"दिसताय."

"मग सांग त्याला, हा माणूस पण रिकामाच बसलाय. याला पण पगार द्या."

ती हसली, आणि पटकन चेहरा सरळ केला. कॅमेरा चालू होता ना.

तास गेला. दुसरा गेला. मुकादम दारात आला. घामानं निथळलेला, पण बोलायला मऊ. "ताई, एवढीच खोली राहिली. तुम्ही येताय ना लावायला?"

ठमीनं मीटिंगमधला आपला आवाज बंद केला. "थांबता येईल का थोडं?"

"ताई, आम्हाला दुसरीकडे पण जायचंय. ट्रक अडून राहिलाय. कसं लावायचं सांगा, तसंच लावतो. बोट इकडं तिकडं होणार नाही."

उठून फोन घ्यावा, खोलीचा नीट फोटो काढावा, तर कॅमेऱ्यात जागा रिकामी दिसणार. नुकतंच पाचमिनिट्यांनी एका पोराला सगळ्यांसमोर "कुठं गायब होतोस?" म्हणून झापलं होतं. मग ठमीनं झटपट डोकं चालवलं. पडद्यावर तिच्या स्वतःच्या चौकोनात, तिच्या मागं, आख्खी खोली दिसत होती. मधे पलंग, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला टेबल, वर घड्याळ. बाबांना क्षणभर सरकायला सांगितलं, स्वतः खाली वाकली, त्या चौकोनाचा स्क्रीनशॉट घेतला आणि मुकादमाला पाठवून दिला. "अस्संच लावा. काही बदलू नका."

"डन, ताई."

सामान गेलं. रिकाम्या खोलीत ठमी खोक्यावर आणि बाबा जमिनीवर चटईवर. मीटिंग चालूच. शेवटी टॅक्सी बोलावली, तेव्हाही मीटिंगचा हेडफोन कानात होताच. टॅक्सीत बाबा म्हणाले, "ड्रायव्हर नवा आहे. क्लच फार दाबतोय." ठमीनं ऐकलंच नाही. तिच्या कानात कुणीतरी आकडे वाचत होतं.

नव्या घरात शिरल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल? मागच्या खोलीच्या दारासमोर, एका खोक्यावर लॅपटॉप उघडला. कारण कानात आवाज आला होता, "मॅडम, तुमचा व्हिडिओ गेलाय." मग कानातलं ऐकत, आत नीट न बघताच, बाबांना हाताला धरून त्या दाराशी आणलं.

"सोड आता," बाबा म्हणाले.

सरळ चालत गेले. पलंग गुडघ्याला लागला, तसे वळून बसले. चादरीवरून हात फिरवला. चेहरा असा फुलला की विचारू नका. "झकास! तोच रस्ता, तोच स्टॉप. बघ आता, न्हाणीघर गाठून दाखवतो." उठले आणि डावा हात कपाटावर टेकवायला सोडला.

त्याच वेळी कानात, "मॅडम, आहात ना?" ठमी लॅपटॉपकडे वळली. "आहे, साहेब. आहे."

मागं मुकादमानं आठवणीनं भरून ठेवलेला पाण्याचा जग पडल्याचा आवाज झाला. मग टेबल सरकल्याचा. मग एक असा आवाज, जो माणूस पडल्यावरच होतो.

बाबांच्या हाताला कपाट लागलंच नव्हतं. हात हवेत गेला, पाऊल पुढं गेलं, टेबलाचा लोखंडी कोपरा मांडीत घुसला आणि कपाळ न्हाणीघराच्या चौकटीवर. भुवईच्या वर फुटलं. सगळीकडे पाणी. आणि त्या पाण्यात बसलेले बाबा दोन्ही हातांनी भोवतालची जमीन चाचपत होते, एखादी हरवलेली वस्तू शोधावी तशी.

ठमी धावली. टॉवेल दाबला. वर पाहिलं तर कपाट उजवीकडे आणि टेबल डावीकडे. मुकादम अजून बाहेर दोऱ्या गुंडाळत होता. ती त्याच्यावर तुटून पडली.

"काय सांगितलं होतं मी? अस्संच लावा म्हटलं होतं ना! डोळे फुटले होते का तुमचे?"

बाबाच बोलले, टॉवेलाआडून. "त्याला कशाला बोलतेस? डोळे फुटलेला इथं मी एकटाच आहे."

मुकादमानं फोन पुढं केला. फोटोत होतं तस्संच त्यानं लावलं होतं. बोट इकडं तिकडं नाही. ठमीनं फोटो पाहिला. मग फोटोतलं घड्याळ पाहिलं. त्यावरचे आकडे उलटे होते.

लॅपटॉप आपलं चित्र आपल्याला आरशासारखं दाखवतो. समोरच्यांना सरळ दिसतं, आपल्याला मात्र डावं उजवीकडे. ही गोष्ट ऑफिसात नव्या पोरांना ठमीच समजावून सांगायची. तिला माहीत होतं. तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण माणसाचं अर्धं डोकं दुसऱ्यानं धरून ठेवलेलं असलं, की उरलेल्या अर्ध्यात काय राहणार?

"माफ करा, दादा," ती मुकादमाला म्हणाली. तो मान हलवून कपाटापाशी गेला, आणि सांगायची वाट न बघता त्यानं ते ओढायला घेतलं.

तेवढ्यात कानात पुन्हा साहेबांचा आवाज. "मॅडम, काहीतरी पडलं का? सगळं ठीक? बरं, अजून पाचच मिनिटं…"

ठमी उठली. हाताला रक्त, पाणी. तशीच लॅपटॉपसमोर उभी राहिली. क्लायंट होता, साहेब होते, आख्खी टीम होती.

"साहेब, एक सांगा. सकाळपासून मी आज कोणतं काम केलं?"

"मॅडम, ते आपण नंतर…"

"आत्ता सांगा. एक काम. एकतरी प्रश्न कुणी मला विचारला?"

साहेब समोरचे कागद चाळायला लागले.

"मग मला कशाला बसवलंत? तुम्हाला धीर वाटावा म्हणून? माझा बाप आंधळा आहे. त्याला एकच गोष्ट हवी होती, आपल्या पायांनी न्हाणीघरात जायची. तिची तयारी मी कितीतरी दिवस केली आणि आज तुमच्या चौकोनात बसून ती घालवली. आता तो पाण्यात बसलाय. तुम्हाला तो दिसतोय का? कॅमेरा चालूच आहे, बघून घ्या!"

"मॅडम, प्लीज, इमोशनल होऊ नका. क्लायंट आहे."

"होणार! माझी सुट्टी मंजूर होती!" आणि तिनं लॅपटॉप असा मिटला की खोकं दबलं.

पुढचं पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोड झालं. तिची नोकरी गेली नाही. तिच्याशिवाय त्यांचं चालत नाही, हे त्यांना माहीत आहे. सोमवारी पाचमिनिट्यांनी बोलावून, दार लावून, "असं सर्वांसमोर बोलणं तुम्हाला शोभत नाही," म्हणून सुनावलं. बाबा कसे आहेत, ते विचारलं नाही. ठमीनं माफी मागितली नाही. परत येऊन कामाला लागली.

खोली त्याच दिवशी सरळ झाली होती. कपाट डावीकडे, टेबल उजवीकडे, जागच्या जागी. भुवईही भरून आली. बाबा आपल्या पायांनीच न्हाणीघरात जातात. अट मोडलेली नाही.

पण पलंगावरून उठल्यावर ते आता थांबतात. हात पुढं करायच्या आधी हाक मारतात, "ठमे, कपाट जागेवर आहे ना गं?"

"आहे, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

मग हात पुढं होतो. हळूच, चटका बसेल अशा भीतीनं. आयुष्यात गाडी कुठं न घासलेला माणूस. ठमी ऑफिसात असली की ती हाक रिकाम्या घराला जाते आणि ते तसेच पलंगाच्या काठावर बसून राहतात, ती येईपर्यंत.

हे ज्यानं केलं त्यानं कुणाला शिवी दिली नाही, कुणावर हात उगारला नाही. नुसता गोड आवाजात एक फोन केला. तुम्ही करता तसाच.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. सुट्टीवरच्या माणसाचं नाव समोर दिसेल, आणि "फार नाही, एवढंच विचारतो" म्हणत तुमचं बोट त्या नावाकडे जाईल. ते बोट मागे घ्या, आणि फोन खाली ठेवा.