टपाच्या खोळीची डावी बाजू

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. नवऱ्याला फोनवर वाचून दाखवायचे आणि दोघं मिळून हसायचो. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या, आणि "आपोआप झालं" असं कोणी म्हणालं तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. घरीही मी तशीच आहे. मांजर आडवं गेलं तर त्याला तिकडे काहीतरी काम असेल, एवढाच माझा अर्थ. तरीही हे लिहितेय... कारण मी जे पाहिलं ते भर उन्हात, सकाळी अकरा वाजता, सहा-सात फुटांवरून पाहिलं.

आम्ही खडकीत राहतो. स्टेशनपासून दहा मिनिटांवर छोटं बैठं घर, पुढे कंपाउंड, कडेला पत्र्याची शेड. सध्या घरात आम्ही दोघंच — मी आणि माझे सासरे, अण्णा. नवरा नीरज प्रोजेक्टसाठी जर्मनीत आहे. अण्णा दारूगोळा कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. बोलतात कमी, आणि बोलले की समोरचा थोडा वेळ गप्प बसतो.

शेडमध्ये त्यांची गाडी उभी असते. जुनी, विदेशी, दोन दारांची, कापडी टपाची. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून अण्णांनी ती भंगार म्हणूनच उचलली होती. अण्णांनी इंजिन उभं केलं आणि माझ्या सासूबाईंनी, माईंनी, सीटपासून टपापर्यंतचं सगळं शिवणकाम केलं. रविवारी सकाळी टप मागे दुमडायचा आणि दोघांनी चक्कर मारून यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

टप दुमडला की सीटच्या मागे कापडाचा आणि लोखंडी दांड्यांचा ढीग होतो. तो तसाच ठेवला तर वाऱ्याने फडफडतो, घड्यांमध्ये धूळ जाते, कापड फाटतं. म्हणून त्यावर रेक्झिनची खोळ चढवायची. खोळीच्या कडेला टिचबटणं असतात, त्यांचे खालचे भाग गाडीच्या पत्र्यावर. पाठीमागे मधोमध एक आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा. पण खोळ घट्ट असते. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून, एकाच वेळी ओढून बटणं दाबायची. एकट्याने एक बाजू लावायला गेलं की दुसरी सुटते. अण्णा उजवीकडे, माई डावीकडे... असंच कायम.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात माई गेल्या. दुपारी, घरी, एकट्या असताना. हार्ट अटॅक. त्यानंतर गाडी शेडमधून बाहेर आली नाही. सप्टेंबरात एकदा चहा पिताना अण्णा म्हणाले, "गाडी विकून टाकू."

"का हो?"

"खोळ फाटलीये."

"मग नवी शिवून घेऊ की."

"लावणार कोण?"

"मी."

"तू?" त्या एका अक्षरात त्यांनी माझ्या सगळ्या पदव्यांचा निकाल लावला. पण नाही म्हणाले नाहीत.

खडकी बाजारात सीट कव्हरं शिवणारे शेखभाई आहेत. ते घरी येऊन माप घेऊन गेले आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी खोळ देऊन गेले. जाताना बजावलं, "नवं रेक्झिन आहे ताई, ताठ असतं. उन्हात तापू द्या, मग दोघं मिळून बसवा. घाई करू नका."

दुसऱ्या दिवशी रविवार. गाडी कंपाउंडमध्ये काढली, अण्णांनी टप दुमडला, खोळ तासभर उन्हात पसरून ठेवली. साधारण अकराला सुरुवात केली. अण्णांनी मागचं मधलं बटण लावलं आणि उजवीकडे गेले. मी डावीकडे.

"मी म्हणेन तेव्हा ओढायचं," अण्णा म्हणाले. "हं... आता दाब."

पहिलं बसलं. दुसऱ्याला माझा अंगठा लाल झाला, पण बसलं. तिसरं बसेना. तेवढ्यात पुढच्या सीटवर ठेवलेला माझा फोन वाजला. ऑफिसमधली कलीग होती. खरं तर रविवारी उचलायची गरज नव्हती. पण मी आता कुठलाही फोन वाजता ठेवत नाही. का, ते पुढे सांगते. फोन घेऊन मी फाटकाकडे गेले आणि गाडीकडे पाठ करून बोलायला लागले. "अण्णा, एक मिनिट" असं म्हटलं होतं, पण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. ते खोळीवर वाकलेले होते, मान खाली.

बोलता बोलता मागे आवाज आला. टक्. मग अण्णांचं "हं... दाब", आणि पुन्हा टक्, टक्. दोन आवाज. एक जरा जवळचा, एक लांबचा. मला वाटलं, अण्णा इकडून तिकडे जाऊन एकेक लावताहेत. या वयात कशाला धावपळ, म्हणून मी मागे वळले.

अण्णा उजवीकडेच होते. वाकलेले, दोन्ही हात खोळीच्या कडेवर. डावीकडे कोणी नव्हतं. आणि डाव्या बाजूची कड कोणीतरी खाली ओढावी तशी ताणली गेली. पाचव्या बटणाजवळ रेक्झिनला खळगा पडला — अंगठ्याएवढा, अंगठ्याने दाबल्यावर पडतो तसाच — आणि टक्. मग सहावं. तसंच.

मी फोन कानाला लावून उभी राहिले. पलीकडून "हॅलो, आहेस का?" चाललं होतं. मला भीती वाटली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरल्यावर वाटतं, तसं काहीतरी वाटलं.

अण्णांनी मान वर केली. समोर मी नाही. त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

"तू तिकडे कधी गेलीस?"

"फोन आला होता. दोनच बटणं लावली होती मी..."

ते फिरून डाव्या बाजूला आले आणि एकेका बटणावरून बोट फिरवत गेले. मग खोळीची कड दाखवली. शेवटच्या चार बटणांपाशी कडेची पट्टी आत दुमडून मग बटणं दाबलेली होती. माझी दोन आणि अण्णांची सगळी — तिथे पट्टी बाहेर लोंबत होती.

"तुझी सासू अशी दुमडायची," अण्णा म्हणाले. "वाऱ्याने फडफडत नाही म्हणून. मला कधी जमलं नाही."

एवढं बोलून ते आत गेले. मला वाटलं, आता पडून राहतील. पण ते गाडीची किल्ली आणि दोन टोप्या घेऊन आले. "बस," म्हणाले.

कंपाउंडमधून बाहेर पडलो. अकरा महिन्यांनी गाडी रस्त्यावर होती. कारखान्याच्या लांब भिंतीला लागून जो झाडांचा रस्ता जातो, तिथे अण्णांनी वेग कमी केला. मला राहवेना. मी म्हणाले, "अण्णा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी माईंचा फोन आला होता मला. पावणेबाराला. मी मीटिंगमध्ये होते. कट केला. नंतर करू म्हटलं... आणि विसरले."

हे मी नीरजलाही सांगितलेलं नव्हतं.

अण्णांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिले.

"मलाही आला होता," ते म्हणाले. "बँकेत होतो, हयातीचा दाखला द्यायला. रांगेत माझा नंबर आला होता. मीही कट केला."

आम्ही दोघं एका घरात, एका टेबलावर जेवत होतो. आणि दोघांच्याही पोटात हेच.

"काय सांगायचं असेल हो त्यांना?" मी विचारलं.

"दूध आणा म्हणायचं असेल," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात नेहमीचा कोरडेपणा होता, पण डोळे भरले होते. "अगं, डॉक्टर म्हणाले ना, मिनिटभराचाच खेळ होता. तू उचलून खराडीहून काय करणार होतीस? तू उगाच ओझं घेऊ नकोस."

"आणि तुम्ही?"

त्यांनी फक्त माझ्या हातावर हात ठेवला, मग गियर टाकला. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, असा हात त्यांनी पहिल्यांदाच ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या पद्धतीने तपास केला. खोळ काढून एकटीने बसवून पाहिली. उजवी बाजू लागलेली असतानाही डावीकडचं तिसरं बटण माझ्याने बसलं नाही. तापलेलं रेक्झिन आपोआप आकसतं का, म्हणून शेखभाईंना विचारलं. ते म्हणाले, "तापलं की सैल होतं ताई, आणि बटण काही स्वतःला दाबत नाही." नीरजचं म्हणणं, फोनच्या नादात मीच लावली असतील. शक्य आहे असं मानून पाहिलं. पण कॉल तीन मिनिटांचा होता, आणि मी फाटकापाशी होते हे अण्णांनीही पाहिलं. शिवाय पट्टी दुमडण्याची सवय मला माहीतच नव्हती. त्यानंतर आजवर आम्ही दोघांनी दहा-बारा वेळा खोळ बसवली असेल. पुन्हा तसं काही घडलेलं नाही.

रेक्झिनचं, ताणाचं, स्प्रिंगचं काही शास्त्र कोणा वाचकाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. मी मोकळ्या मनाने वाचेन. ऑफिसमध्ये ज्याचं कारण सापडत नाही अशी चूक आम्ही बंद करत नाही, उघडीच ठेवतो. हीही तशीच ठेवली आहे. अण्णांना एकदा विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?" पेपरमधून मान वर न करता ते म्हणाले, "तुला कारण हवंय. मला नकोय."