सरांनी पसंत केलेली गोष्ट

निजामुद्दीन स्टेशनवर उतरलो आणि पहिल्याच श्वासाला घसा धरला. पुण्याहून मी काही दिल्ली बघायला आलो नव्हतो. गजभिये सरांनी इथे नोकरी करता करता सुरू केलेलं मराठी त्रैमासिक बंद पडल्यात जमा होतं. पुढचा अंक निघणार की नाही, हे त्या रविवारी त्यांच्या घरी ठरणार होतं, आणि त्यात कधीमधी लिहिणारा म्हणून मलाही बोलावलं होतं.

सर मुलीकडे, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. तिथले सगळे ब्लॉक सारखे आणि निम्मी फाटकं कुलूपबंद. "बस, अंदर से निकल जाओ," म्हणत ऑटोवाल्यानं मला भलत्याच फाटकाशी सोडलं. शोधत शोधत पोचलो तेव्हा घामाघूम झालो होतो.

सरांची मुलगी वैशालीताई यांनी चहासोबत मट्ठी (मैद्याची जाड, खारी पुरी) दिली. "आधी खा. वाचन सुरू झालं की कुणाला भान राहत नाही, यार."

या मंडळींची रीत मला ऐकून माहीत होती. आलेलं लिखाण सरांसमोर मोठ्यानं वाचायचं. सरांनी चष्म्याचं घर टेबलावर आपटलं, की छापायचं. त्यावर अपील नाही.

सर थकले आहेत, हात कापतात, पण नजर लख्ख. भोवती त्यांचे जुने शिष्य. त्यांत नोएडाचे शिरीषकाका सगळ्यांत ज्येष्ठ. ते सरांच्या पाया पडूनच बसले. गुडगावात नोकरी करणाऱ्या स्नेहानं तिची गोष्ट वाचायला घेतली. मानेसरच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका आणि त्यांची कंपनीची बस. भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी, आणि भन्नाट जिवंत. मला हेवा वाटला.

सर मध्येच खुदकन हसले. शेवटी त्यांनी चष्म्याचं घर असं आपटलं की कप हिंदकळला.

"छापा," ते म्हणाले.

शिरीषकाका पुढे सरकले. "सर, पूर्वी तुम्ही असली धेडगुजरी भाषा दारात उभी केली नसती."

"पूर्वी नसेल केली. आता आवडली."

"तुमची तब्येत बरी नाही, सर. आम्हाला तुमचं नाव जपायचंय."

"अरे, मी इथेच बसलोय!"

काका सरांची शाल सारखी करत राहिले. बाकीचे खाली बघत होते. थोड्या वेळानं एकमतानं ठरलं: अंक निघेल, त्यात फक्त सरांचे जुने अग्रलेख असतील, मुखपृष्ठावर त्यांचा तरुणपणीचा फोटो. स्नेहानं कागद पर्समध्ये कोंबले आणि मेट्रोचं निमित्त सांगून निघून गेली. मी संतापलो होतो, पण पाहुणा म्हणून गप्प बसलो.

निघताना सरांनी मला खाली वाकायला सांगितलं. कानाशी म्हणाले, "पुण्यात कुणी पोरं नवीन काही काढतात का हो? मला त्यांचा वाचक करून घ्या. इथे मला माझंच वाचून दाखवतात."

"कळवतो, सर," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत मथुरा गेलं, तरी मला एकही नाव सुचेना. माझ्या ओळखीचे सगळे आपापल्या सरांभोवतीच बसलेले. पुण्यात येऊनही आता बरेच दिवस झाले. वैशालीताईंचा फोन आला, की सर मागून विचारतात, "काही मिळालं का?" मी म्हणतो, "बघतोय."